ढब्बू हरचेरकर पंगतीला बसतो

आमच्या गावात कुत्र्याचं पिल्लू पंगतीला नीट बसलं तरच घरच्यांचं आडनाव टिकतं, नाहीतर समिती ते काढून घेते. पिल्लू जरा मोठं झालं की समितीच्या निरीक्षक घरी जेवायला येतात. पान वाढून झाल्यावर "सावकाश होऊ द्या" असं म्हणेपर्यंत पिल्लानं पानाला तोंड लावायचं नाही, एवढीच परीक्षा. शेजाऱ्यांचं पिल्लू श्लोक चालू असतानाच जिलबीवर तुटून पडलं, तेव्हापासून ते नुसते मुकुंदराव आहेत. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडावी लागली.

आमचा ढब्बू अगदीच उंडगा होता. पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवून स्वागत करायचा, सासूबाईंचं लुगडं दोरीवरून ओढून अंगणभर फिरवायचा. "माकडाच्या हाती कोलीत दिलंय समितीनं," सासूबाई म्हणायच्या. आमच्या ह्यांना तर आडनावाचा भारी अभिमान. फोन उचलला की "हॅलो" म्हणत नाहीत, "हरचेरकर" म्हणतात. त्यांची झोपच उडाली.

शेवटी मीच मनावर घेतलं. भाकरीचा तुकडा मुठीत धरून बसायची. ढब्बू मूठ चाटायचा, नखं मारायचा, भुंकायचा. मी ढिम्म. दमून मागे सरला आणि गप बसून माझ्या तोंडाकडे बघू लागला, की मूठ उघडायची. हावरेपणानं काही मिळत नाही हे त्याला पटायला वेळ लागला, पण एकदा पटलं ते पटलं. मग त्याच्या भांड्याभोवती रांगोळी काढायला लागले. रांगोळी पुसली गेली की भांडं उचललं. पुढे पुढे तो बाहेर बसून लाळ गाळायचा, पण पाय आत टाकायचा नाही. बेल वाजली की आपला आपण सतरंजीवर जाऊन बसायचा. हे बाजूला उभं राहून "आणखी एकदा दाखव ना" म्हणायचे. शिकवायला मात्र एक दिवस बसले नाहीत.

निरीक्षक टेमकरबाई रविवारी आल्या. पानावर सासूबाई, टेमकरबाई, यजमान म्हणून हे, आणि ह्यांच्या शेजारी ढब्बू. वाढायला मी.

"उमेदवाराला भूक आहे ना?" टेमकरबाईंनी विचारलं.

"सकाळपासून काही दिलेलं नाही."

"बरं केलंत. भरल्या पोटाचा संयम आम्ही धरत नाही."

श्लोक त्यांनीच सुरू केला, तोही मुद्दाम संथ. भातावर तूप वितळत होतं. बटाट्याची भजी वाफाळत होती. ढब्बूच्या तोंडातून लाळेची तार पाटापर्यंत आली, पण तो हलला नाही. 

ह्यांचा ऊर भरून आला. "बघा, बघा, कसा बसलाय माझा वाघ!" असं म्हणत ह्यांनी आनंदाच्या भरात एक भजं उचललं आणि तोंडात टाकलं.

ढब्बूनं पंजा उचलून ह्यांच्या मनगटावर ठेवला. श्लोक थांबला.

"उमेदवार उत्तीर्ण," टेमकरबाई म्हणाल्या. "यजमान अनुत्तीर्ण."

"अहो, पण परीक्षा त्याची होती!"

"पंगत सगळ्यांची असते. पिल्लू थांबलं नाही तर घरादाराचं आडनाव जातं. माणूस थांबला नाही तर त्याचं एकट्याचं."

"मग आता यजमान कोण?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं पान निवत चाललं होतं.

"हरचेरकर," टेमकरबाईंनी ढब्बूकडे हात केला. "त्यांनी सांगितलं की सुरू करू."

आम्ही सगळे ढब्बूकडे बघत राहिलो. त्यानं पंगतीवरून एकवार नजर फिरवली आणि एकदाच भुंकला. आम्ही जेवायला लागलो.

ह्यांनी मात्र पानाला हात लावला नाही. खाली मान घालून बसले होते. वाटलं, आता रडतात. तेवढ्यात मान वर करून म्हणाले, "पोरानं नाव राखलं हो."

आता रोज सकाळी दोघं फिरायला जातात, हे छाती पुढे काढून. वाटेत कुणी "नमस्कार, हरचेरकर" म्हटलं, की हे गप्प उभे राहतात. ढब्बूचं शेपूट हलवून झालं की मगच आपले हात जोडतात.