आजीचं विरजण आणि थंड जाळ

"जाळ आहे आणि चटका नाही? काहीतरीच काय!" आत्मारामराव चहा बशीत ओतत म्हणाले.

पदार्थविज्ञानात संशोधन करणाऱ्या त्यांच्या मुलाने, परागने, प्लाझ्माचं यंत्र लॅबमधून नवघरच्या घरी आणलं होतं. टोकाशी जांभळा उजेड थरथरत होता आणि पराग त्यात खुशाल बोट घालून बसला होता.

"बाबा, आपण हवेलाच वीज देतोय. त्यातून जे कण तयार होतात ते जंतूंचं कवच फाडतात. आपल्याला काही होत नाही, जंतू खलास!"

"जे दिसतच नाहीत ते मेले, हे मी कसं मानू?"

प्रश्न बिनतोड होता. पराग तडक स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर एक खरकटं पातेलं होतं, तळाला पांढरा पातळ थर चिकटलेला. त्याने त्यावर यंत्र मनसोक्त फिरवलं. पातेलं लॅबमध्ये नेऊन तपासायचं आणि बाबांना गप्प करायचं, असा बेत होता. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि पातेलं तिथेच राहिलं.

ते खरकटं नव्हतं. परागची आई शुभदाबाई दह्याचं पातेलं कधीच घासत नसत. तळाच्या थरावरच पुढचं दूध ओतत. हे दोघे रत्नागिरीहून निघाले तेव्हा आत्मारामरावांच्या आईने बांधून दिलेलं ते विरजण. आई गेली, विरजण चालू राहिलं.

रात्री शुभदाबाईंनी नेहमीसारखं त्यात दूध ओतलं; सकाळी पातेल्यात दूध जसंच्या तसं.

"बाबा, बघा! एक जंतू शिल्लक नाही!" पराग नाचायचाच बाकी होता.

आत्मारामरावांनी पातेलं जवळ ओढलं. "गाढवा, आईची तेवढीच खूण उरली होती रे."

परागचं तोंड एवढंसं झालं. आपण आजीलाच मारलं, असं त्याला वाटलं.

"थंडीचं लागत नाही लवकर. संध्याकाळपर्यंत धीर धरा," शुभदाबाई म्हणाल्या आणि परागला घेऊन, पदराखाली वाटी लपवून शेजारी गेल्या. उर्मिलाबेनला त्यांनीच तर विरजण दिलं होतं.

"उर्मिलाबेन, हमारावाला जामन थोडा वापस देना."

उर्मिलाबेन ओशाळली. "सच बोलूं? आपका दही बहुत खट्टा होता था. वो तो कबका बंद किया. ये नाके की डेअरी का है."

शुभदाबाईंनी अपमान गिळला आणि वाटी पुढे केली. घरी येऊन दूध कोमट केलं, विरजण लावलं, पातेलं फडक्यात गुंडाळलं.

रात्री दही घट्ट लागलं होतं. आत्मारामरावांनी घास घेतला, डोळे मिटले. "हीच! हीच आईच्या हातची चव! पराग, तुझी मशीन ने परत. आईचे जंतू असे मरत नसतात."

परागने आईकडे पाहिलं. आई निवांतपणे पोळीला तूप लावत होती.

"हो बाबा, प्रयोग साफ फसला," तो म्हणाला आणि त्याने वाटी पुढे केली. "आई, अजून वाढ गं आजीचं दही."