हल्ली मुक्काम दुबई

मुलगा पसंत होता, पत्रिका जुळली होती आणि मुलामुलीचं तर दोन वर्षांपूर्वीच जुळलं होतं, तरी विलासराव गोठणकरांचं समाधान होईना. शनिवारी सकाळी दुबईतल्या करामा भागातल्या आपल्या वन-बीएचकेत त्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि जाहीर केलं, "आता देवांशच्या घरच्यांचं पोलिस रेकॉर्ड बघायचं."

"बाबा, प्लीज. दॅट्स सो क्रीपी," अनन्या म्हणाली. मुलगी इथंच वाढलेली. ती बापाशी इंग्रजीत बोले, बाप तिच्याशी मराठीत, आणि आपणच जिंकलो असं दोघांनाही वाटे.

विलासराव दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पाइपच्या फॅक्टरीत अ‍ॅडमिनला होते. वीस वर्षं लोकांची कागदपत्रं तपासून त्यांना माणूस दिसेनासा झाला होता, फक्त त्याचे अटेस्टेड कागद दिसत. कुणाला बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक खाट, भाड्यानं द्यायची असो की कुणाची सोयरीक ठरायची असो, ते त्या माणसाच्या तालुक्याच्या पोलिसांच्या याद्या शोधून काढत. आणि आम्ही करामातली मराठी मंडळी ते सगळं चवीनं ऐकायचो, तेव्हा त्यांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

या वेळी काम सोपं होतं, कारण देवांशचं गाव विलासरावांच्याच तालुक्यातलं, कोकणातलं. साखरपुडाही तिथल्याच हॉलमध्ये, आठ दिवसांवर आलेला. तालुक्याच्या पोलिस ठाण्यानं प्रलंबित वॉरंटांची यादी नेटवर टाकली होती. ती कुणीतरी घाईत स्कॅन केलेली असल्यानं सगळी पानं डावीकडे कलली होती. विलासराव, त्यांची बायको विनिता आणि चहाला आलेल्या शेजारच्या वासंतीवहिनी अशी तिघं मान वाकडी करून वाचू लागली.

"हा बघा, वाळूवाला. हा माझ्या शाळेत होता, तेव्हाच वाटलेलं," विलासराव नावानावावर शेरा मारत होते. देवांशच्या घरातलं मात्र एकही नाव सापडेना. त्यांना जरा वाईटच वाटलं.

"थांबा, खाली नका जाऊ," वासंतीवहिनी म्हणाल्या. "एक्केचाळीस नंबर वाचा."

एक्केचाळीस नंबरला लिहिलं होतं, 'विलास गणपत गोठणकर, हल्ली मुक्काम दुबई.' पंचावन्न इंची टीव्हीवर ते जरा जास्तच ठळक दिसत होतं.

"एका नावाची दोन माणसं असतात," विलासराव म्हणाले.

"वडिलांचं नावही तेच?" विनितानं विचारलं.

"असू शकतं."

"आणि मुक्काम?"

"दुबई केवढी मोठी आहे, विनिता."

"बाबा, यू आर अ फ्युजिटिव्ह," अनन्या म्हणाली आणि तिनं टीव्हीचा फोटो काढला.

वासंतीवहिनींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गॅसवर काहीतरी राहिल्याचं सांगून त्या गेल्या. त्यानंतर बरोबर बारा मिनिटांनी विलासरावांना पहिला फोन आला. ते दुबईत नेमके कशासाठी आले होते, अशी समोरच्यानं अगदी आपुलकीनं चौकशी केली. दुपारपर्यंत अशा पाच चौकशा झाल्या. पाचवी माझी होती.

संध्याकाळपर्यंत विलासरावांनी मनातल्या मनात स्वतःला मुंबई विमानतळावर तीनदा पकडून दिलं होतं. मुलीचा साखरपुडा चालू आहे आणि वधुपिता लॉकअपमध्ये जमिनीवर बसला आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "साखरपुडा इथंच करू. करामात मस्त हॉल मिळेल. ऐंशी दिरहम प्लेट. म्हणजे किती, एकोणीसशे रुपये. त्यात काय."

"देवांशच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना इकडं आणायचं? आणि कारण काय सांगायचं?"

"तिकडं हवा चांगली नाही म्हणावं."

"साखरपुडा ठरलाय तिथंच होईल," विनिता म्हणाली. "तुम्ही आलात तर तुमच्यासह होईल. आता तिकडच्या एखाद्या वकिलाला फोन करा."

तालुक्याला परेश नावाचे वकील होते. त्यांनी केस नंबर लिहून घेतला आणि सोमवारी फोन केला.

"गोठणकर, अभिनंदन. तुम्ही आरोपी नाही."

"मग?"

"फिर्यादी आहात. ही केस तुम्हीच केली आहे."

विलासरावांना काही आठवेना. वकिलांनी तक्रार वाचून दाखवली, तेव्हा ते हळूहळू खुर्चीत खाली सरकले. अकरा वर्षांपूर्वी ते सुट्टीवर गावी गेले होते, तेव्हा दुबईहून खजुराचं रोप घेऊन गेले होते. नव्या बंगल्याच्या दारात लावलं होतं, सगळ्या गावाला बोलावून दाखवलं होतं. चौथ्या दिवशी गावातल्या भिवाची शेळी कुंपणातून आत आली आणि तिनं ते खाल्लं. गावकऱ्यांनी मिटवा म्हणून सांगितलं, पण 'आमच्याकडे दुबईत असलं चालत नाही' असं बजावून विलासराव पोलिस ठाण्यात गेले. भिवानं मुद्दाम शेळी घुसवून विदेशी वृक्षाचं नुकसान केलं, अशी फिर्याद दिली आणि दोन दिवसांनी विमानात बसले. विमान उडालं तेव्हाच ते सगळं विसरले होते.

"पण वॉरंट माझ्यावर का?"

"फिर्यादीनं साक्ष द्यायला यायचं असतं. अकरा वर्षं तुम्ही आला नाहीत. समन्स बंगल्याच्या कुलपावर लावून लावून पोलिस कंटाळले. मग गेल्या वर्षी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तुम्ही उघडलेलं दिसतंय."

उघडलं होतं खरं. उघडून विलासरावांनी ते आमच्या करामाच्या ग्रुपवर टाकलं होतं, वर लिहिलं होतं, 'सावधान! कोर्टाच्या नावानं नवीन फ्रॉड. मी ताबडतोब ब्लॉक केलं आहे.' सेहेचाळीस जणांनी अंगठे दाखवले होते. एक अंगठा माझाही होता.

"घाबरू नका," वकील म्हणाले. "शुक्रवारी तारीख आहे, साखरपुडा रविवारी आहे. शुक्रवारी या, साक्ष द्या, खलास. तोवर पोलिसांनी धरू नये म्हणून वॉरंट रद्द करून घेतो. पण तुमची आजवरची गैरहजेरी बघता जज्जसाहेब जामीनदार मागताहेत. गावातला, सातबारावाला. तुम्ही तारखेला याल अशी त्यानं लेखी हमी द्यायची."

विलासरावांनी गावी फोन लावले. चुलतभाऊ म्हणाला, त्याचा सातबारा अजून सामाईक आहे. मेव्हण्याला ज्योतिषानं सहा महिने कुठंही सही करू नको म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्यानं हॅलो हॅलो करून फोन ठेवला. बुधवारी विलासराव ऑफिसात चुकीच्या माणसाचा व्हिसा रद्द करता करता वाचले. त्याच रात्री जेवताना वकिलांचा फोन आला.

"एक जण तयार आहे. माझ्यासमोरच बसलाय. दर तारखेला येतोच तो. भिवा."

"कोण भिवा?"

"तुमचा आरोपी."

विलासरावांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हे एकट्यानं ऐकण्यासारखं नव्हतं.

"सायेब, भिवा बोलतोय," पलीकडून आवाज आला. "मुलगी लग्नाची झाली म्हनं. बरं झालं. मी करतो सही."

"भिवा, अरे, तू कशाला?"

"तुम्ही आल्याबिगर माजी सुटका नाय, म्हनून. माजे वकील म्हनाले, गुन्हा कबूल केलास तर डाग ऱ्हाईल, थांब, फिर्यादी आला की पाच मिंटात सुटशील. थांबलो. ती शेळी कवाच गेली, तिची पिल्लंबी गेली. सात वर्सांमागं मला तुमच्या दुबैत काम लागलं होतं. अल क्वोजला, वेल्डिंगचं. तिकीटबी ठरलं होतं. केस चालू हाय म्हनून पोलिसांनी दाखला दिला नाय."

विनितानं जेवण थांबवलं. अनन्यानं मोबाइल उलटा ठेवला. विलासरावांना लाज वाटली, अगदी सरळ लाज, आणि या वेळी ती झाकायला त्यांच्याजवळ एकही कागद नव्हता. सात वर्षं ते रोज सकाळी अल क्वोजवरून ऑफिसला जात होते.

"भिवा, मी शुक्रवारी येतो. काय झालं ते खरं खरं सांगतो. तू निर्धास्त सही कर. माझा शब्द आहे."

पलीकडे भिवा वकिलांशी काहीतरी कुजबुजला.

"रागावू नका, सायेब," भिवा म्हणाला. "पर तुम्ही आलं नाय तर ते मलाच धरनार. आनि तुमचं मागचं रेकॉर्ड बगता... वैनी हायत का तितं? जरा वैनींना द्या."

विलासरावांनी फोन विनिताकडे सरकवला.

"बोला भिवाभाऊ," ती म्हणाली. "हो. हो, मी बरोबर आहे ना. शुक्रवारी दहा वाजता मी स्वतः घेऊन येते. तुम्ही करा सही. नाही, नाही, पळून कसे जातील? विमानातून उतरले की त्यांचा पासपोर्ट मी माझ्याकडे ठेवते. तुम्ही सुटल्यावरच परत देईन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग परेश वकील म्हणाले, "केली सही त्यानं."

विनितानं फोन ठेवला आणि हात पुढे केला. "उतरल्यावर कशाला, आत्ताच द्या." विलासराव उठले, कपाटाशी गेले आणि त्यांनी मुकाट्यानं पासपोर्ट आणून तिच्या हातात दिला.