सासऱ्यांची नजर आणि माझी डीव्हीडी

"व्हिडिओवाला बोलवायचा नाही! मी आहे ना!" असं मी सासुरवाडीत छाती ठोकून सांगितलं. का नाही सांगणार? सन २००९, सहा महिने अमेरिकेत ऑनसाइट राहून आलेला इंजिनिअर मी, आणि हातात कोरा करकरीत हाय-डेफिनिशन कॅमेरा!

सासऱ्यांच्या, म्हणजे बापूरावांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. कोथरूडच्या हॉलमध्ये मी तीन तास अखंड चित्रण केलं. कॉम्प्युटरवर सुरुवात पाहिली, तर सासूबाईंच्या नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा! मग सगळे तीन तास एका डीव्हीडीत कोंबले, वीस प्रती काढल्या आणि वाटून टाकल्या. टीव्हीवर लावून बघायचं सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बापूरावांचा फोन.

"जावईबापू, चित्र जरा पुसट वाटतंय. तुम्हाला कसं दिसतं?"

मी कॉम्प्युटरवर मूळ चित्रणच बघत होतो. "मला तर लख्ख दिसतंय!"

"असं? बरं."

फोन बंद. विषय संपला, असं मला वाटलं.

चार दिवसांनी बायको, पूर्णिमा, माहेरून आली ती डोळे पुसतच.

"अरे जय, बाबांनी स्कूटर सोडली! किल्ली शेजारच्या कोंडीरामकाकांना देऊन टाकली. म्हणाले, पन्नास वर्षं जिचा चेहरा बघितला ती सुहासिनी मला टीव्हीवर ओळखू येत नाही, आता रस्त्यावर कुणाच्या अंगावर घालू का गाडी? उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहेत."

पंच्याहत्तराव्या वर्षीही मंडईतून भाजी आणायला हा माणूस स्कूटरवरच जायचा!

मी घाईघाईने डीव्हीडी आमच्या टीव्हीला लावली. अरे देवा! सासूबाईंचा चेहरा चहात पडलेल्या बिस्किटासारखा. बापूरावांनी हार घालायला हात उचलला की हाताला कंगव्यासारखे दात फुटत होते!

तबकडी बनियनला पुसली. केबल बदलली. शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा वापरून पाहिला. बिस्कीट ते बिस्कीटच! शेवटी ऑफिसातल्या साईनाथला फोन केला.

"तीन तास? एका तबकडीत?" तो हसायलाच लागला. "अरे, साध्या डीव्हीडीत हाय-डेफिनिशन मावतच नाही, चित्र लहान करावं लागतं. त्यात तू एसटीत शंभर माणसं कोंबल्यासारखं कोंबलंस! चेहरे चेपणारच. तासाला एक तबकडी कर. आणि हाताला फुटणारे ते दात जायला डीइंटरलेस नावाचं सेटिंग आहे, ते चालू कर."

केलं. तीन तबकड्या घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्या वाघोलीहून कोथरूडला सासऱ्यांचं घर गाठलं. बापूराव इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टरकडे निघायच्या बेतात होते.

"बाबा, डोळे तुमचे ठीक आहेत. डीव्हीडी माझी आंधळी होती."

"मग मला लख्ख दिसतंय, असं का म्हणालात?"

"मी कॉम्प्युटरवर बघत होतो."

बापूराव खुर्चीत बसले. "मला वाटलं, हाय-डेफिनिशनला डोळेही हाय-डेफिनिशन लागत असतील, म्हणून मी चार दिवस गाजरं खातोय. सांगायचंत तरी!"

मी नवी तबकडी लावली. नथ लखलखली! बापूराव पुढे सरकून बसले. "दिसली! सुहासिनी, अगं, तू केवढी लाजतेयस बघ!" सासूबाई आताही तशाच लाजल्या. पूर्णिमा कोंडीरामकाकांकडून किल्ली आणायला धावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चित्र चांगलं म्हटल्यावर या वेळी सगळेच शेवटपर्यंत बसले. तिसऱ्या तबकडीत बापूरावांचं भाषण आलं. ते गहिवरून बोलत होते, "या बाईने मला सांभाळलं..." आणि तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज घुमला, "हे कधी संपणार? तिकडे मठ्ठा गरम होतोय!"

माझाच आवाज!

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे गदगदा हलत होते.

बापूरावांनी चष्मा काढून शांतपणे पुसला.

"वा, जावईबापू. चित्रापेक्षा आवाज जास्त स्पष्ट आहे."

बाकीच्या एकोणीस प्रती अजून बदलून द्यायच्या आहेत. कुणी मागत नाही, मीही आठवण करून देत नाही!