ओकेलोंचा वजनकाटा

डॉक्टर ओकेलोंची आणि माझी पहिली भेट ड्राइव्हवेवर झाली. ईडन प्रेरी या अमेरिकन गावात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. मी हात पुढे केला. शेजारच्या या उंच गृहस्थांनी मला एकदा समोरून, एकदा बाजूनं न्याहाळलं आणि हॅलोच्याही आधी म्हणाले, "ब्याऐंशी किलो." घरात जाऊन काट्यावर उभा राहिलो. ब्याऐंशी! तेही बुटांसकट.

हा माणूस गुरांचा डॉक्टर. युगांडातल्या गुराख्याचा मुलगा. तरुणपणी सायकलला लशीचा डबा बांधून गावोगाव हिंडला, मग इथल्या युनिव्हर्सिटीत गुरांच्या लशींवर तीस वर्षं रिसर्च करून रिटायर झाला. पारितोषिकांचं विचारलं की हात झटकायचे. "माळरानावर वजनकाटा कुठला? डोस नजरेनंच ठरवायचा. नजर चुकली की गाय गेली." एवढंच काय ते आत्मचरित्र.

आता गायींवर बसलेली नजर माणसांना सोडेल तर शपथ! आमच्या गणपतीला चाळीस माणसांसमोर ते माझ्या बायकोला, स्वातीला, म्हणाले, "चौऱ्याहत्तर. उत्तम प्रकृती!" यार, मोदक तोंडातच राहिला माझ्या. स्वातीनं पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची बायको ग्रेस केक घेऊन माफी मागायला आली. "मला लग्नाची मागणी घालताना छप्पन्न म्हणाले होते," ती म्हणाली. "तरी मी हो म्हटलं."

पण एकदा याच माणसानं आम्हाला तारलं. बाबा गेल्यावर आई अकोल्याहून आमच्याकडे आली आणि जेवेचना. आम्ही तिच्या खोलीत ताट न्यायचो, ते तसंच परत यायचं. ओकेलो आले, आईला लांबूनच नमस्कार केला आणि मला झापलं, "न खाणारं जनावर एकटं बांधतात होय? खादाडाशेजारी बांध!"

खादाड कोण, हे विचारायची गरज नव्हती. आईचं ताट माझ्या शेजारी आलं. "अरे, हळू खा, ठसका लागेल," असं मला रागावता रागावता तिसऱ्या दिवशी ती अर्धी भाकरी जेवली.

गेल्या हिवाळ्यात ग्रेस गेली. मूलबाळ नाही त्यांना. बर्फ वितळायला लागलं तेव्हा ओकेलो मेलबॉक्सपाशी दिसले. पँट पट्ट्यानं कशीबशी आवळलेली. माझ्याकडे बघून "हॅलो" म्हणाले आणि टपाल घेऊन निघाले. आकडा नाही!

"बासष्ट!" मी मागून ओरडलो.

ते थांबले. "साठ."

"चला. तुम्हाला बांधायचंय."

नको नको म्हणत होते, पण मी सोडतोय थोडाच! स्वातीनं काही न विचारता माझ्या शेजारी पान मांडलं. पिठलं, गरम भाकरी, वर तूप. त्यांनी पान थोडं मागे सारलं. मग म्हणाले, "तिनं मला कधी एकट्याला जेवू दिलं नाही," आणि रडायलाच लागले. स्वातीही रडली. मी काय करणार? मी खात राहिलो. माझं कामच ते होतं.

हळूच त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग दुसरा. अर्धी भाकरी संपल्यावर मान वर केली आणि मला नीट न्याहाळलं, एकदा समोरून, एकदा बाजूनं.

"सत्त्याऐंशी," म्हणाले.

वजन वाढल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.