डोळे वगळून धरण

आमच्या खोऱ्यात मला कुणी फसवू शकत न्हाई. छाती ठोकून सांगतो, कारण फसवायचं खातंच माझ्याकडं हाय. गोठ्यात बिबट्या शिरलाय म्हणून गोरखला अर्धा दिवस आंब्यावर बसवला, तो म्या. कोंडिबा आबांना त्यांच्या बोकडाला स्थळ आलंय म्हणून फेटा बांधायला लावला, तो बी म्या. नसरापूरच्या बाजारात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान, घर गुंजवणी नदीच्या काठाला, आणि मधल्या रस्त्याला असा एक माणूस न्हाई जो माझं बोलणं ऐकून आधी हसत न्हाई.

तिथंच घोटाळा झाला बघा.

आमची गीताबाई पोरीच्या बाळंतपणाला हडपसरला गेली. बाळ झालं, बारसं झालं, बाळाला दात आले, तरी बाईसाहेब तिकडंच. सोनियाची नोकरी, बाळाला कोण बघणार? खरंय. पण हिकडं मला कोण बघणार? भाकरी थापली की तव्यावर पडायच्या आधीच तिची फाळणी! गीताची मिसरीची डबी खिडकीत तशीच. सांजच्याला दुकान बंद करून आलो की मी उंबऱ्यात उभाच ऱ्हायचो. आत जाऊन "आलो गं" म्हणायचं कुणाला?

फोनवर सरळ सांगितलं, "गीता, करमत न्हाई."

ती पोट धरून हसली. सोनियाला हाक मारून म्हणाली, "आगं ऐक, तुझा बाप काय म्हणतोय."

दुसऱ्या बारीला म्हणलं, "ताप आलाय."

"व्हय का? मागं बी आला व्हता. तापातच कुस्त्या बघायला गेला व्हता तुमी."

जन्मभर खोट्या नोटा वाटल्या, खरी काढली तर कुणी घेईना.

अशात प्रेरणा मॅडम दुकानात आल्या. हायस्कूलला मराठी शिकवतात, घरच्या पाण्याची मोटर जळलेली. माझं तोंड बघून म्हणाल्या, "नाना, आज चेष्टा नाही?"

मी सगळं सांगितलं. त्या जरा विचारात पडल्या.

"तुम्ही सरळ बोलता म्हणून त्यांना थट्टा वाटते. कवितेत सांगा. कवी काय करतो, डोळ्यात पाणी आलं असं म्हणत नाही. तो म्हणतो, माझे डोळे धरणासारखे भरलेत. ही उपमा."

"बरं."

"पुढची पायरी, 'सारखे' काढून टाकायचं. माझे डोळे हेच धरण. हे रूपक."

"आणि ह्याच्या म्होरं?"

"पुढं डोळेसुद्धा काढून टाकायचे. नुसतं धरण ठेवायचं. ऐकणाऱ्यानं ओळखायचं. त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात, पण ते कॉलेजात असतं. तुम्ही आपले उपमेवर थांबा."

मला कुणी थांबा म्हणलं की माझं एक्सलेटर वाढतं. हा सोपान अख्ख्या नसरापूरच्या मोटरी बांधतो, तो उपमेवर थांबणार? सांजच्याला चुलीम्होरं बसून कविता बांधली. डोळे काढून टाकले. तांब्याच्या तारंचे येढे मोजावेत तशी एकेक ओळ घट्ट ओढून बसवली:

*धरण भरलं काठोकाठ, भिंतीला दम धरवंना,*
*दारं उघडतील आज-उद्या, पाणी आता आवरंना.*
*घर जाईल, शेत जाईल, चूल जाईल वाहून,*
*एकदा तरी ये गं गीता, डोळं भरून जा पाहून.*

शेवटी डोळं आलंच, पण ते तिचं. चालतंय.

लिहून पाठवली तर तिला चष्मा लागतो, म्हणून मोबाईलवर बोलून पाठवायचं ठरवलं. आवाजात जरा ओल यावी म्हणून तिची मिसरीची डबी उघडून वास घेतला. जरा जास्तच घेतला. नाकातनं, डोळ्यातनं धारा लागल्या, आवाज चिरका झाला, मधी दोनदा हुंदक्यासारखी शिंक अडकली. पण खरं सांगू? पयली शिंक मिसरीची व्हती. दुसरीचं मला म्हाईत न्हाई. पाठवलं आणि लाजून मोबाईल बंद करून गपगार झोपलो.

तांबडं फुटायला दारावर धडाधडा बुक्क्या. बाहेर माझा मेव्हणा धनाजी, गुडघ्यापतुर चिखल.

"दाजी, उठा! धरणाची दारं उघडायलेत! मोटर काढा नदीतनं!"

मी ताडकन उठलो. आमच्याकडं पाणी सोडणार म्हणलं की दुसरा विचार नसतो. काठावरची मोटर गेली की भात गेलं. खाली पळालो तर नदीकाठाला जत्रा. गोरखनं पाईप तोडलेला. कोंडिबा आबा ह्या वयात बैलाला दोर बांधून मोटर वढत व्हते. ट्रॅक्टर आलेला. मी माझी मोटर सोडवली, खांद्यावर घेऊन चढ चढलो, कंबर मोडली. घरी जाऊन तांदळाची पोती माळ्यावर टाकली, गादी टाकली, तिची मिसरीची डबी खिशात घातली. गाव वाहून गेलं तरी चालंल, डबी ऱ्हायली पायजे.

ऊन वर आलं. सगळे बांधावर बसून पाण्याची वाट बघायला लागले. नदी आपली शेळीवानी गरीब, घोट्याएवढी.

गोरखला दम निघंना. मोटरसायकल काढून धरणावर गेला आणि परत आला तो लालबुंद होऊन.

"दारं बंद हायेत. तिथला माणूस म्हणतो, सोडायचं नावबी न्हाई. कुणी उठवली ही आवई?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. सवयीनं.

"आईशप्पथ," मी म्हणलं, "ह्या बारीला म्या न्हाई! माझी कंबर बघा!"

"धंदा व्हावा म्हणून केलं आसंल," कोंडिबा आबा म्हणाले. "मोटरी आदळल्या की जळत्यात, जळल्या की ह्याच्याकडं."

"आबा, दाजी न्हाईत," धनाजी मधी पडला. "मला अक्कानं फोन केला."

तसं सगळ्यांना पटलं. कारण मी सांगितलं असतं तर कुत्रं हाललं नसतं. पण गीताबाई आयुष्यात खोटं बोललेली न्हाई.

"पण अक्काला हडपसरला बसून कसं कळलं?" मी इचारलं. खरंच इचारलं हो. तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

तेवढ्यात वरच्या रस्त्याला वडापची जीप थांबली आणि गीताबाई उतरली. पदर खोचलेला, हातात रिकामी पिशवी, धापा टाकत. मला नखशिखांत बघितलं.

"तांदूळ वर टाकलं का?"

"टाकलं."

"तुमी बरं हाय ना?"

"बराय."

मग ती चिखलातच मटकन बसली. मला तर असं झालं की आत्ता खरंच पूर आला तरी चालंल.

"वैनी, तुमाला सांगितलं कुणी?" गोरखनं इचारलं.

तिनं मोबाईल काढला. मी हात म्होरं केला, पण उशीर झाला. भर बांधावर, अख्ख्या गावाम्होरं, माझा चिरका आवाज सुरू झाला. *धरण भरलं काठोकाठ...* पयली शिंक. *चूल जाईल वाहून...* दुसरी.

कुणी हसलं न्हाई. त्यानं जास्तच लाज वाटली.

"ही कविता हाय," मी पुटपुटलो. "धरण म्हंजी डोळं."

"कुठं म्हणलंय डोळं?" धनाजी म्हणाला.

"काढून टाकल्यात. तसा अलंकार असतोय."

कोंडिबा आबांनी तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. "म्हंजी गळत व्हतं तुझ्या डोळ्याला, आणि मोटरी काढल्या आमी?"

मग हसले. असे हसले की बैल बुजला. आणि शिक्षा काय दिली, तर सगळ्यांच्या मोटरी माझ्या खांद्यावरनं परत खाली न्यायच्या. गीताबाई काठावर बसून बघत व्हती. प्रत्येक खेपेला मी वर बघायचो, ती हाय का. असायची.

दुपारी तिनं भाकरी थापली. अखंड, गोल. मी खिशातनं डबी काढून तिच्याम्होरं ठेवली.

"ही कशाला खिशात?"

"पूर येणार व्हता ना."

तिनं डबी घेतली, पदरानं पुसली. मग म्हणाली, "आवाज तसला ऐकला आन् वाटलं, हे काय थट्टा करत न्हाईत आता. सरळ 'ये' म्हणायला काय झालं व्हतं?"

"सरळ म्हणलं तर हसतीस की."

"ते बी खरंच," ती म्हणाली, आणि सांजच्या गाडीनं परत गेली. बाळ रडतंय म्हणून सोनियाचा फोन आला व्हता.

मी नसरापूरपतुर सोडायला गेलो. एसटी वळणाआड गेली तरी हात वरच. मग तिथंच उभं ऱ्हाऊन मोबाईल काढला. उपमा न्हाई, रूपक न्हाई. सोनिया वाचून दाखवंल म्हणून एवढंच लिहिलं: "तुझ्याबिगर करमत न्हाई. ये."

दुसऱ्या दिवशी मॅडम मोटर न्यायला आल्या, त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आहे तसं सांगितलं, खोटं काही नाही. ह्याला स्वभावोक्ती म्हणतात. हाही अलंकारच, नाना. सगळ्यात अवघड."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात गीताबाईचं उत्तर आलं. हसून हसून डोळ्यात पाणी आलेलं ते पिवळं तोंड, आणि खाली सोनियाकडनं लिहून घेतलेलं:

"धनाजीला सांगू का मोटर काढायला?"