दुरून पंधरा, जवळून चौदा

मी फक्त थर्मास द्यायला गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून सगळ्यांना वाटतं की म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. मुद्दाम काही करण्याइतकी अक्कल असती तर मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवत बसलो नसतो.

मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत. हाताखालून हजारो पुस्तकं गेली, वाचून पुरी केली ती तीन. (त्यातलं एक गाड्यांचं वेळापत्रक होतं.)

आमची धाकटी लेक गाइड आहे. संध्याकाळी जुन्या शहरातून लोकांना पायी हिंडवायचं आणि कुठे कोणाचं भूत आहे ते सांगायचं, असं काम देणारी एक कंपनी आहे. मला आधी ते खरंच वाटेना.

"लोक तिकीट काढून भुताला घाबरायला येतात?" मी विचारलं.

"हो, बाबा."

"आणि नाही घाबरले तर?"

"तर तक्रार करतात."

माझ्या लहानपणी भुतं फुकट होती आणि तक्रार कोणाकडे करायची ते माहीत नव्हतं.

तिची नोकरी अजून कच्ची होती. त्या दिवशी ऑफिसातला कोणीतरी साध्या गिऱ्हाइकासारखा येऊन तिची परीक्षा घेणार होता. पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून घरी. याआधी तिच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, दोन्ही वेळा तिचा काही दोष नसताना. दुसरी गेली तेव्हा ती आठवडाभर खिडकीशी बसून होती आणि मी तिच्याशेजारी बसून होतो. ते पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

"कंपनी सगळ्यात जास्त काय बघते?" मी तिला विचारलं होतं.

"डोकी. आधीच्या गाइडने घंटाघराला कुलूप लावलं आणि एक गिऱ्हाईक आतच राहिलं. सकाळी सापडलं. तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. मोजणी चुकली की नापास."

हे ऐकून मी निर्धास्त झालो. मोजायला तिला मी शिकवलंय. सोळा पानांची एक घडी, तिला आम्ही फर्मा म्हणतो. शिवायच्या आधी फर्मे मोजावे लागतात. एकदा माझ्या हातून एक फर्मा दोनदा शिवला गेला आणि त्या गोष्टीतले आजोबा एकदा वारले ते सोळा पानांनी पुन्हा वारले. तेव्हापासून मी लेकीला सांगत आलो, की फर्मा कमी पडला तर कोणालाही कळतं, जास्त झालेला ओळखेल तो बाइंडर. आणि आकड्याचा संशय आला की जवळ जाऊन, बोट लावून पुन्हा मोजायचं.

निघताना ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मात्र येऊ नका हं. तुम्ही समोर असलात की मला शाळेत कविता म्हणायला उभी केल्यासारखं होतं."

मी कबूल केलं. आणि ती गेल्यावर अर्ध्या तासाने बायकोला ओट्यावर थर्मास दिसला.

"अहो, तिचं गरम पाणी राहिलं! घसा बसलाय तिचा. एवढं देऊन या. द्यायचं आणि परतायचं, कळलं?"

कळलं होतं. डोक्याला मफलर गुंडाळला, काखेत थर्मास घेतला आणि निघालो.

चौकातल्या कोरड्या कारंज्यापाशी ती मला सापडली. ऊन नुकतंच उतरलं होतं. तिच्यासमोर घोळका आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटा कंदील, अजून न पेटवलेला. ती कारंज्यात बुडालेल्या कोणा सरदाराची गोष्ट सांगत होती. इतकी छान सांगत होती, की मध्येच "हे घे पाणी" म्हणायचा धीर होईना. म्हटलं, गोष्ट संपू दे. मी सगळ्यात मागे उभा राहिलो.

गोष्ट संपली आणि तिने समोरूनच डोकी मोजली. तिचा चेहरा उतरला.

"पंधरा?" ती स्वतःशीच म्हणाली. "चौदा पाहिजेत."

मग शिकवल्याप्रमाणे ती जवळ यायला लागली, एकेकाच्या खांद्याला बोट लावत. आता मला बघेल आणि कविता विसरेल, या भीतीने मी खांबाआड झालो.

"चौदा," ती म्हणाली आणि हसली. "बरोबर आहे. चला."

माझा जीव भांड्यात पडला. पोरगी घाबरली म्हणून एकदा चुकली असेल. आता पुढच्या थांब्यावर पाणी देऊ.

पुढचा थांबा घंटाघर. ती म्हणाली, की इथे घंटा वाजवणारा एक म्हातारा अजून जिन्यात वाट बघत उभा असतो. सगळे आत गेले, मी दाराआड उभा राहिलो, सगळे बाहेर आले, मीही आलो. कुलूप लावायच्या आधी तिने लांबूनच मोजलं.

"पंधरा."

ती जवळ आली. मी भिंतीच्या वळणाआड.

"चौदा."

आता घोळक्यात कुजबुज सुरू झाली. एक नवं जोडपं होतं, त्यातल्या नवरीने नवऱ्याचा दंड धरला. एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दुरून पंधरा, जवळून चौदा! हा काय प्रकार आहे?"

"काही नाही, माझीच मोजायची चूक," लेक म्हणाली. तिचा आवाज कापत होता. घसा बसल्यामुळे नव्हे, ते मला कळत होतं.

मला राहवेना. मी स्वतः मोजायला घेतलं. सावकाश, एकेक फर्मा बाजूला ठेवावा तसं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदाच. मग हिला पंधरा येतात कुठून?

माझ्याशेजारी कानटोपी घातलेले एक गृहस्थ होते. तेही कायम मागेच राहत होते, म्हणून आमची थोडी ओळख झाल्यासारखी होती.

"या मुलीला मोजता येतं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतं म्हणजे? फार हुशार आहे ती. चेहऱ्यावरूनच कळतं."

"आपण तर तिच्या पाठी चालतोय."

"पाठीवरूनही कळतं," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. (परीक्षा घ्यायला कोणीतरी येणार आहे, हे मला सकाळपासून माहीत होतं. पण तो वही घेऊन माझ्याच शेजारी चालेल, हे माहीत नव्हतं.)

"तुम्हाला किती येतात?" त्यांनी विचारलं.

"चौदा. दोनदा मोजले."

"मला पंधरा."

"असं कसं होईल?"

"सोपं आहे," ते म्हणाले. "यातला एक तुम्हाला दिसत नाहीये."

सगळ्यांना दिसतोय आणि मला एकट्यालाच दिसत नाही, असा एक जण आमच्यात चालत होता! मी आयुष्यात भूत मानलं नाही, पण आकडा मानतो. मी त्या गृहस्थांचा हात धरला तो सोडलाच नाही. एकदा माझाच थर्मास माझ्या कोपराला लागला तर मी एवढ्याने ओरडलो, की नवरी रडायला लागली.

त्या सबंध घोळक्यात सगळ्यात जास्त मी घाबरलो होतो, आणि मी एकटाच फुकट आलो होतो.

शेवटचा थांबा जुना पूल. आता दिवेलागणीची वेळ झाली होती. लेक पुलाच्या कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी आपापले कंदील पेटवा आणि वर धरा. ज्याच्या हातात कंदील नसेल, तो आपल्यातला नाही."

केवढी हुशारी! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता सापडतो की नाही बघू, म्हणून मी टाचा उंचावल्या. भोवती भराभर कंदील वर गेले. सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला.

माझ्या हातात थर्मास होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बाबा?" लेक म्हणाली.

"पाणी," मी म्हणालो. "गरम आहे अजून."

आणि टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. मास्तरीणबाई म्हणाल्या, "कल्पना उत्तम. भूत मात्र जरा बावळट वाटलं."

लेक हसत नव्हती. तिची नजर कानटोपीवाल्याच्या वहीवर होती, आणि मला एकदम सगळा उलगडा झाला. मी त्यांचा धरलेला हात अजून घट्ट धरला.

"साहेब, चूक माझी आहे. मला घरी राहायला सांगितलं होतं. पोरीने काही केलं नाही."

"केलं की," ते म्हणाले. "कितीतरी गाइडांची परीक्षा घेतली मी. माणूस कमी झाला तर सगळ्यांना कळतं. जास्त झालेला हिने पहिल्याच थांब्यावर ओळखला, आणि शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. नोकरी पक्की. आता माझा हात सोडता का?"

लेकीने तिथेच थर्मास उघडला आणि ती पाणी प्यायली. डोळे पुसायला मी माझा मफलर दिला. तिचे पुसून झाल्यावर मी माझे पुसले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण साहेबांना कल्पना फारच आवडली. मी रोज यावं, घंटाघरापर्यंत मागे मागे चालावं, तिथे जिन्यात उभं राहावं आणि परस्पर घरी जावं, असं ठरलं. लेकीला त्यांनी बजावलं, "हे मात्र मोजणीत धरायचे नाहीत. भूत मोजायचं नसतं."

सोमवारी माझा पहिला दिवस. जिन्यातला म्हातारा म्हणून मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. काम मनापासून केलं, जरा जास्तच वेळ उभा राहिलो. खाली लेकीने डोकी मोजली. चौदा. एकदम बरोबर! मलाच केवढा अभिमान वाटला. मग कुलूप लागल्याचा आवाज आला.

मी हाका मारल्या. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "वा! आवाज किती खरा वाटतो!" आणि पावलं दूर गेली.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. लेकीला वाटलं, बाबा लवकर घरी येऊन जेवून झोपले. बायकोने सवयीने तीन ताटं मांडली होती. लेक पाटावर बसली, ताटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, एक ताट जास्त आहे."

जास्त झालेलं ओळखण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

पोरीची मोजणी कंपनीने पास केलेली, म्हणून बायकोने ते ताट उचलून जागेवर ठेवलं. दोघी पोटभर जेवल्या. मग भांडी आवरताना कुठे बायकोच्या लक्षात आलं, की घरात काहीतरी कमी आहे, आणि दोघी धावत घंटाघराशी आल्या. कुलूप निघालं, दार उघडलं. मी वरच्या पायरीवर कुडकुडत बसलो होतो. बायकोने कंदील वर धरून मला नीट न्याहाळलं.

"अहो," ती काळजीने म्हणाली, "थर्मास आहे ना?"

मी वर करून दाखवला.