विहिरीतली गौळण आणि चाळीस मिनिटांचा माईक

अंबरनाथ पूर्वेच्या बाळ टिपणीसांचं व्हिजिटिंग कार्ड दोन घड्यांचं होतं. त्यांची थोरवी एका घडीत मावत नसे. पहिल्या घडीवर 'गुप्तहेर', दुसरीवर 'संगणकशल्यविशारद', आणि आत बारीक अक्षरात 'प्रोग्रॅमच्या पोटात शिरून सत्य बाहेर काढणारे ठाणे जिल्ह्यातील एकमेव गृहस्थ' असं छापलं होतं. फोन नंबर तेवढा राहून गेला होता. ज्याला गरज आहे तो शोधून काढेलच, असं टिपणीसांचं म्हणणं. आजवर कुणी काढला नव्हता.

त्यांची सगळ्यात गाजलेली केस हरवलेल्या चपलांची. सोसायटीतल्या तेरा जणांची जबानी घेऊन झाल्यावर चपला टिपणीसांच्याच पायात सापडल्या. "गुन्हेगाराच्या पायात पाय घातल्याशिवाय तपास होत नाही," असं तेव्हा ते म्हणाले होते.

त्यांचा सहायक कल्पेश भोईर. कुळगावचा राहणारा, अंबरनाथच्या कारखान्यात मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा, आणि टिपणीस कारखान्यात स्टोअर ऑफिसर होते तेव्हापासून त्यांना 'साहेब' म्हणायची सवय लागलेला. काही माणसांना तंबाखू सुटत नाही, कल्पेशला हे साहेब सुटत नव्हते. तपासाला लागणारा लॅपटॉप कल्पेशचा, स्कूटर कल्पेशची, चहाही कल्पेशचा. साहेबांची होती ती फक्त बुद्धी, आणि ती ते जपून वापरत.

पण या खेपेला कल्पेशच हात जोडून त्यांच्या दारात उभा होता, कारण गौळण विहिरीत लोंबकळत होती.

कुळगावच्या विठ्ठलमंदिराच्या सभागृहात पाच दिवसांचा कीर्तनोत्सव लागला होता. कीर्तनकार दिनानाथबुवा, वय एक्क्याऐंशी. हा उत्सव झाला की शुक्रवारी चिपळ्या देवापुढे ठेवणार आणि मुलाकडे नागपूरला जाणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. बुवांचा आवाज आता पहिल्या सतरंजीच्या पलीकडे पोहोचत नसे, पण माईक असला की शेवटच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याचेही डोळे भरून येत. सोमवारी पूर्वरंग झाला, बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात हार पडला आणि उत्तररंगात आख्यान रंगलं. पाण्याला गेलेली भोळी गौळण विहिरीत पडते, दोर धरून लोंबकळते, दोराचा एकेक पेड तुटतो आणि ती हाक मारते, "विठ्ठलाऽऽ". तेवढ्यात माईक बंद! बुवांचे ओठ हलत राहिले. गौळण वर आली की खाली गेली, हे पहिल्या सतरंजीवरच्या सहा जणांनाच कळलं, आणि त्यातले चार झोपले होते.

घड्याळात बरोबर चाळीस मिनिटं झाली होती.

हा माईक एका डब्यातून चाले. डब्यात तळहाताएवढा संगणक, वर छोटा पडदा. गेल्या वर्षी कुठल्याशा कुंपणभिंतीच्या उद्घाटनाला एक पुढारी पावणेदोन तास बोलले आणि जेवणाच्या पंगतीत आमटीवर साय धरली. तेव्हा मंदिर समितीचे अध्यक्ष आण्णा यांनी फर्मान काढलं की यापुढे कुणालाही चाळीस मिनिटं. कल्पेशने उल्हासनगरच्या धर्मेशकडून हा डबा बनवून आणला. पुढाऱ्यांसाठी विणलेल्या जाळ्यात पहिला मासा सापडला तो कीर्तनकार. भारतवर्षात समित्या अशाच चालतात.

कल्पेशने धर्मेशला फोन लावला होता. तो म्हणाला, "अरे साईं, माल एक नंबर आहे. सेटिंग में जाके टाईम बदल डालो, बस."

टिपणीसांनी हे ऐकून डोळे बारीक केले. "कल्पेश, गुन्हेगार नेहमी सेटिंग बघायला सांगतो. म्हणजे आपण सेटिंग बघायचं नाही."

"पण साहेब, त्यानेच बनवलंय..."

"बाप आपल्या पोराला चोर म्हणेल का? आपण पोटात शिरायचं. डिबगर लाव."

डिबगर म्हणजे एका प्रोग्रॅमच्या मानेवर बसणारा दुसरा प्रोग्रॅम. संगणकाकडून रीतसर परवानगी घेऊन तो चालत्या प्रोग्रॅमला 'थांब' म्हणतो. प्रोग्रॅम पाऊल उचललेल्या अवस्थेत थिजतो. मग त्याच्या मेमरीचे खण उघडायचे. प्रत्येक खणाला नंबर, प्रत्येक खणात एक आकडा. वाचायचा असेल तर वाचावा, खोडून दुसरा लिहायचा असेल तर लिहावा, आणि 'चल' म्हणावं. प्रोग्रॅम पुढे चालू लागतो आणि खणातला नवा आकडा जन्मापासून तिथेच होता असं मानतो. हे सगळं कल्पेशला येत होतं. टिपणीसांना 'चल' म्हणता येत होतं.

मंगळवारी दुपारी चाळीस मिनिटांचे दोन हजार चारशे सेकंद मेमरीत शोधले. सतरा खणांत सापडले.

"सतरा संशयित!" टिपणीसांनी हात चोळले. "एकेकाला बोलता करा."

पहिला खण बदलला तर पडद्यावरचं घड्याळ गायब झालं. चौथा बदलला तर शंखाचा रेकॉर्डेड आवाज वाजायला लागला आणि थांबेना. अकराव्यात नऊ हजार लिहिले आणि पडद्यावर 'शिल्लक वेळ' अडीच तास दिसला. खात्रीसाठी टिपणीस माईकवर स्वतःच्या आयुष्यावर पन्नास मिनिटं बोलले. माईक टिकला. कल्पेशही टिकला.

"केस खलास," म्हणून टिपणीस चहाला गेले. जाताना दारातल्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं. पाटीवर खडूने 'आजचे कीर्तन सायं. ६' लिहिलेलं. "लोक साडेसहाला येतात, सहा कसले लिहिता?" म्हणत त्यांनी सहा पुसून साडेसहा केलं. चुका सुधारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

संध्याकाळी बुवांनी कुंभाराचं आख्यान लावलं. खोट्या आळाखाली सापडलेला कुंभार, राजाने उगारलेली तलवार, कुंभाराची आर्त हाक, आणि चाळिसाव्या मिनिटाला माईक बंद. तलवार वरच राहिली.

बुधवारी पुन्हा तोच खण उघडला. आत दोन हजार चारशे! टिपणीसांचा चेहरा उजळला.

"कुणीतरी आपल्यामागून येऊन आकडा परत लिहितंय. आणि हे पाहा!" ते दारात धावले. पाटीवर पुन्हा 'सायं. ६'. "तोच हात! कल्पेश, ही टोळी आहे."

"साहेब, पाटी आणि मेमरी यांचा काय संबंध?"

"तो तुला दिसत नाही म्हणून तू सहायक."

बुधवारी पुन्हा नऊ हजार, पुन्हा साडेसहा. पाच वाजता लॅपटॉपवर 'संपर्क तुटला' अशी अक्षरं आली. कल्पेश तेव्हा बुवांना आणायला गेला होता आणि टिपणीस खुर्चीत घोरत होते. कीर्तन सुरू झाल्यावर उठून ते म्हणाले, "शत्रूला माझी झोपेची वेळ माहीत आहे." त्या रात्री कोळ्याची होडी भोवऱ्यात फिरत राहिली.

आता कुळगावात बोलणं सुरू झालं. भाजी घेताना बायका विचारत, "बुवा, ती गौळण निघाली का हो?" बुवा हसून म्हणत, "विठ्ठल काढील." पण बुधवारी पायऱ्या उतरताना त्यांनी कल्पेशचा खांदा धरला.

"कल्पेशराव, साठ वर्षं कीर्तन केलं. कुणाला संकटात सोडून घरी गेलो नाही. आता जाताना तिघांना सोडलंय. शुक्रवारी जमेल का रे?"

लहानपणी वडील गेले त्या साली याच बुवांनी कल्पेशला मांडीवर घेऊन आख्यान ऐकवलं होतं. "जमवतो बुवा," तो म्हणाला, आणि हे आपण कुणाच्या जिवावर बोललो ते आठवून त्याला घाम फुटला.

गुरुवारी टिपणीसांनी सापळा लावला. डिबगरला खणावर पहारा बसवता येतो. त्या खणात कुणी काही लिहायला गेलं की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो आणि लिहिणारा रंगेहाथ सापडतो. युक्ती चांगली होती, म्हणून टिपणीसांनी ती स्वतः करायला घेतली. कीर्तनाआधी पाच मिनिटं, बाजूच्या खोलीत बसून, कल्पेश बुवांना पाणी द्यायला गेलेला असताना त्यांनी पहारा बसवला तो शेजारच्या खणावर. त्या खणात सरलेले सेकंद मोजले जात. तिथे दर सेकंदाला नवा आकडा लिहिला जाई. म्हणजे तबलजीने थाप मारली की त्याला अटक करायची, असा बंदोबस्त.

प्रोग्रॅम थिजला. डब्याला दुसराही एक माईक जोडलेला होता, आण्णांचा, सूचना द्यायचा. त्या घटकेला तो चालू होता, तो चालूच राहिला. बुवांचा बंद होता, तो लागेना. आणि सूचनांचा माईक होता टिपणीसांच्या कोपराशी.

"सापडला!" सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून स्वतःशीच बोलणाऱ्या टिपणीसांचा आवाज घुमला. "माझा पहिल्यापासून त्या पेटीवाल्या सम्यकवर संशय होता. कीर्तन लवकर संपलं की त्याला अंबरनाथची बस मिळते! आणि हे आण्णा, डोक्याने थोडे अधूच आहेत, पण आपल्याला काय, आपल्या फीची पावती फाडली की झालं..."

दोनशे माणसं ऐकत होती. सम्यकने पेटीचा भाता मिटला आणि तो चपला शोधू लागला. आण्णा उठून उभे राहिले. कल्पेश धावत आला आणि त्याने पहारा उठवला, पण अर्धा तास समजूत काढण्यात गेला. मग जे कीर्तन झालं त्यात जंगलात वाट चुकलेला यात्रेकरू वाघासमोर उभा राहिला, आणि चाळीस मिनिटं भरली.

"उद्या हा डबा नको," आण्णा गुरगुरले. "आणि तुमचे हे विशारद तर अजिबात नकोत. बुवा, उद्या नुसती आरती करू."

बुवांनी चिपळ्या रुमालात गुंडाळल्या. कल्पेशने "उद्या पाचपर्यंतच वेळ द्या आण्णा" म्हणून पाय धरले, तेव्हा कुठे आण्णा "पाच म्हणजे पाच" म्हणाले.

शुक्रवारी दुपारी नऊ हजार लिहून झाल्यावर कल्पेश डब्यासमोर मांडी घालून बसला. उठायचंच नाही, असं ठरवून. टिपणीस खांबाआड, नाकाला रुमाल बांधून.

पाचला पाच मिनिटं असताना वेणूबाई आल्या. वेणूबाई म्हणजे देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि प्रसाद. हातात मिक्सर, कमरेला पदर. त्यांनी डब्याला नमस्कार केला, भिंतीतला डब्याचा प्लग उपटला, मिक्सरचा घातला आणि घर्रर्र करून शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं.

लॅपटॉपवर अक्षरं आली, 'संपर्क तुटला'.

"वेणूबाय!" कल्पेश ओरडला. "हे काय करताव?"

"कूट करतंय. परसादाला. रोजच करतंय की. दुसरा पलक हाय कुटं हितं?"

"आणि डबा?"

"लावतंय ना परत. मना काय, देवाचं काम थांबवाचं?" त्यांनी मिक्सर काढला, डब्याचा प्लग घातला. पडदा उजळला. 'शिल्लक वेळ: ४० मिनिटे'.

खांबाआडून टिपणीस झेपावले. "हीच! हीच ती टोळीची म्होरकी! बाई, पाटीवरचे साडेसहा कुणी पुसले?"

"मीच. रोज सकाली पाटी पुसतंय आनी छापल्या पत्रिकंवरून लिवतंय. पत्रिकंत सहा हाय, मंग सहाच लिवनार ना!" वेणूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "पाटीवर गिरगटून काय व्हतंय सायेब? पत्रिका बदला की."

कल्पेश उठून उभा राहिला. चार दिवस आपण पाटीवरच लिहीत होतो! मेमरी म्हणजे पाटी. वीज गेली की पुसली. डबा पुन्हा सुरू झाला की तो साठवून ठेवलेली सेटिंगची फाईल वाचणार, तिच्यातलेच चाळीस उचलून खणात लिहिणार. ना टोळी, ना शत्रू. शेंगदाणे.

"सेटिंग!" तो म्हणाला. "धर्मेश सांगत होता. पण पडद्यावर सेटिंगचं बटण तर कुठे दिसत नाही."

नव्हतंच दिसत. डबा आणला त्या दिवशी त्याची यथासांग पूजा झाली होती. आण्णांनी स्वतः पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. ते वाळून दगड झालं होतं, आणि देवाचं चिन्ह पुसायची कुणाची छाती नव्हती.

"स्वस्तिकाला हात लावाल तर खबरदार!" टिपणीस म्हणाले. "पुरावा आहे तो."

"पुसाचं न्हाय असं कोन बोललं?" वेणूबाईंनी पदराचं टोक ओलं केलं. "दसऱ्याला दारावरचं जुनं पुसून नवं काढतंयच की मी. देव कुंकवात हाय का? विठ्ठला, जरा सरक रे बाबा." आणि त्यांनी स्वस्तिक पुसलं.

खाली बटण होतं. बटणावर लिहिलं होतं 'सेटिंग'. आत 'भाषण मर्यादा: ४० मिनिटे', आणि त्याच्याखाली 'मर्यादा नको'. कल्पेशने ते दाबलं, साठवलं, स्वतःच्या हाताने प्लग उपटला, परत लावला. पडद्यावर शिल्लक वेळेच्या जागी नुसती एक आडवी रेघ आली. पाचच्या ठोक्याला आलेल्या आण्णांनी ती पाहिली आणि कीर्तनाला होकार दिला. वेणूबाईंनी डब्याच्या लाकडावर नवं स्वस्तिक काढलं, पडदा सोडून.

त्या संध्याकाळी दिनानाथबुवांनी पूर्वरंग थोडक्यात आटोपला. उत्तररंगाला उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, माझी चार लेकरं अडकलीत. आधी त्यांना सोडवून आणू." आणि त्यांनी हळूहळू, काही न गाळता, सगळ्यांना आणलं. दोराचा शेवटचा पेड तुटला तेव्हा एक सावळा हात विहिरीत आला आणि गौळण घागरीसकट वर आली. तलवार खाली पडली, कुंभार घरी गेला. होडी काठाला लागली. वाघाने यात्रेकरूला वाट दाखवली. सम्यकची शेवटची बस गेली, पण त्याने पेटी सोडली नाही. नामाचा गजर उठला तेव्हा शेवटच्या खांबाशी उभ्या कल्पेशला समोरचं नीट दिसत नव्हतं. दोन तास दहा मिनिटांनी बुवांनी चिपळ्या विठ्ठलाच्या पायांशी ठेवल्या आणि गर्दीत कल्पेशला शोधून नुसती मान हलवली.

आरती झाली. लोक प्रसादाला उठणार, तेवढ्यात माईक खरखरला.

"बंधू-भगिनींनो," टिपणीस म्हणाले, "या प्रकरणाचा उलगडा मी कसा केला, हे मुळापासून सांगतो. माझा जन्म अंबरनाथचा..."

आण्णांनी कपाळाला हात लावला. कल्पेशने पडद्याकडे पाहिलं. आडवी रेघ होती. मर्यादा नव्हती.

त्याने वेणूबाईंकडे पाहिलं.

"कूट कमी पडलं वाटतं," म्हणत वेणूबाई मिक्सर घेऊन उठल्या.